रेडिओला ओठ दिसत नाहीत

सिस्टर,

१९६५ सालच्या डिसेंबरची तीन तारीख, शुक्रवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी हॉलमधल्या घड्याळाकडे बघत उभी होते. रेडिओचे दोन लोक मायक्रोफोनची तार फरशीवरून ओढत होते. युद्ध थांबून दोन महिने होऊन गेले तरी खिडक्यांच्या काचांवर काळे कागद अजून तसेच होते, त्यामुळे भर सकाळी दिवे लावलेले. आम्ही मुली तीन रांगांत. नाताळच्या कार्यक्रमासाठी ते लॅटिन गाणं आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधीपासून घोटत होतो. तुम्ही पियानोवरून उठलात, पहिल्या रांगेसमोरून हळूहळू चालत आलात, माझ्यापाशी थांबलात आणि खाली वाकून माझ्या कानात म्हणालात, "तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस." तुमच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. मग तुम्ही माझ्या गालावर दोन बोटांनी हलकेच थोपटलंत आणि परत पियानोवर जाऊन बसलात. मी अख्खं गाणं ओठ हलवले. लॅटिनचा एकही शब्द चुकले नाही.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि शाळेच्या आवारात ती बोललेली चालत नव्हती, दोन्ही मला चांगलं आठवतंय. पण तुमच्या इंग्रजीत मला रागावता येत नाही. तुमच्या इंग्रजीत मला फक्त माफी मागता येते, ती तुम्ही इतकी छान शिकवलीत की बँकेत पुढे मॅनेजरही माझ्याकडून पत्रं लिहून घेत. तुम्ही आता जिथे आहात तिथे कोणी ना कोणी पुण्याचं असेलच, त्यांच्याकडून वाचून घ्या. ते मुद्दाम चार शब्द कडक करून सांगतील, त्याला माझी हरकत नाही.

रेडिओवर कार्यक्रम लागला तेव्हा आमच्या खोलीत शेजारपाजारचे सगळे जमले होते. माझे वडील लष्कराच्या हिशेब कार्यालयात कारकून, त्यांना इंग्रजी शाळेची फी कशी जड जात होती ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, ती तुम्हीच दोनदा माफ करून घेतली होती. त्यांनी रेडिओ फडताळातून काढून मधोमध स्टुलावर ठेवला. गाणं सुरू झालं. वडिलांनी डोळे मिटले. संपल्यावर ते शेजाऱ्यांना म्हणाले, "आमच्या हिचा आवाज मला वेगळा ओळखू आला." आणि पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. चौदा वर्षांच्या मुलीने काय करायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं? ते खोटं तिथून सुरू झालं आणि आमच्या घरात स्थायिक झालं. लग्न ठरताना ते सासरी सांगितलं गेलं. माझ्या मुलीला ते पाळण्यातच कळलं. आई रेडिओवर गायलीय. त्या खोट्याची मालकी मी स्वतःकडे घेत नाही, ते तुमच्या नावावर आहे.

आता माझ्या शेजारचीबद्दल. पहिल्या रांगेत माझ्या डाव्या हाताला उभी असायची ती, लांब वेण्यांची, आपल्याला काही येत नाही असं म्हणत सगळं येणारी. मधल्या चार ओळी तुम्ही तिला एकटीला दिल्यात. रेकॉर्डिंग झाल्यावर तुम्ही तुमची ती गोल, चपटी, फुंकून सूर काढायची चांदीच्या रंगाची चकती तिला भेट दिलीत, सगळ्या वर्गासमोर. मला त्याच आठवड्यात तुम्ही हॉलच्या अगदी शेवटच्या बाकावर बसवलंत आणि सांगितलंत की ह्या मुलीचा कान उत्तम आहे, कोण बेसूर होतंय ते ही मला सांगणार. मुली मला चहाडखोर म्हणायला लागल्या. दोन वर्षं मी तो उत्तम कान घेऊन शेवटच्या बाकावर बसले आणि एकदाही, सिस्टर, एकदाही मला तिचा सूर खाली सापडला नाही. मी फार मन लावून शोधला होता.

ती पुढे कॅनडाला गेली. तिथल्या एका कॉयरमध्ये गाते. काळा झगा, हातात काळी फाइल, तोंड एवढं उघडं, असे फोटो ती पाठवते आणि खाली लिहिते की सिस्टरची फार आठवण येते. तुम्ही आजारी होतात तेव्हा भेटायला मात्र मी आले होते. बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून, द्राक्षं घेऊन. कॉन्व्हेंटच्या मागच्या दवाखान्यात तुमची खाट खिडकीशी होती आणि तुम्ही इतक्या लहान दिसत होतात की मला क्षणभर वाटलं, हिनेच मला गप्प केलं? मी मनाशी प्रश्न तयार करून आले होते, इंग्रजीत, व्याकरण तपासून. तुम्ही मला ओळखलंत, हात हातात घेतलात, आणि म्हणालात, "तुझी मैत्रीण अजून गाते का?" मी म्हटलं, गाते. तुम्ही डोळे मिटून हसलात. मी द्राक्षं धुऊन बशीत ठेवली आणि निघाले. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले ते त्याच सुमारास. पुढे त्यांनी आमच्यासारख्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, हार घातले, आणि मी घरी बसले.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणार नाही, पण ते गुपचूप पडून होतं. माझ्या मुलीने ते उकरलं, तिचा काही दोष नसताना. ती हडपसरच्या एका कंपनीत आहे, दिवसभर अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचं काम करते, आणि शनिवार-रविवारी धायरीच्या तिच्या फ्लॅटमध्ये संगीत रचते. कॉम्प्युटरवर. कोणी छोट्या फिल्म काढतात, त्यांना पार्श्वसंगीत देते. आत्ता तिच्याकडे मुठा नदीवरचा एक माहितीपट आहे आणि शेवटी, नदी गावाबाहेर पडते तिथे, तिला बायकांचा कॉयर हवा आहे. नुसता आकार, शब्द नाहीत. खऱ्या बायका कुठून आणणार, म्हणून ती विकत घेणार होती. मला वाटलं कॅसेट. म्हणाली, तसं नाही आई, सॅम्पल लायब्ररी. कुठल्या तरी देशात खऱ्या गाणाऱ्या बायकांना एका हॉलमध्ये उभं करतात, त्यांच्याकडून एकेक सूर गाऊन घेतात, आकारात, ऊकारात, मिटल्या तोंडाने, हळू, मोठ्याने, आणि ते सगळं साठवून ठेवतात. मग तुम्ही घरी बसून की-बोर्डची पट्टी दाबायची की त्या गातात. तीन लायब्रऱ्यांवर तिचं घोडं अडलं होतं. फोनवर म्हणाली, "आई, तुझा कान चांगला आहे. ये आणि सांग." कान. मी स्वयंपाकघरात उभी होते, भाजी कढईला लागेपर्यंत उभी राहिले.

गेल्या रविवारी गेले. तिने कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाली, दाब. मी एक पांढरी पट्टी दाबली. सिस्टर, बायकांची अख्खी रांग माझ्या एका बोटाखाली आ म्हणाली. बोट ठेवलं तोवर म्हणत राहिली. कोणी खोकलं नाही, कोणाला घरून लवकर न्यायला कोणी आलं नाही, कोणी खिडकीबाहेर बघत राहिल्यामुळे मागे पडलं नाही. बाजूला एक चाक आहे, ते पुढे ढकललं की आवाज भरत जातो, मागे घेतलं की विरतो. त्याच चढउतारासाठी तुम्ही आमच्या बोटांवर पट्ट्या मारल्यात. तुम्हाला माझा हेवा वाटला असता. मला तर त्या बायकांचाच वाटला, आणि ते मी लपवत नाही. आमचं ते रेकॉर्डिंग रेडिओवाल्यांनी कधीच पुसून टाकलं असेल, आणि ह्यांचा साधा आकार कोणाच्याही घरी, धायरीतसुद्धा, हवा तेव्हा हजर. शब्द म्हणवून घ्यायचीही एक सोय आहे त्यात, एकेक अक्षर टाकायचं. मी मुद्दाम बाळ म्हणायला लावलं. त्यांना ळ येत नाही. तुम्हालाही येत नव्हता, तेवढ्याने जरा बरं वाटलं.

पहिली लायब्ररी कुठल्या तरी मोठ्या चर्चमध्ये केलेली, तिचा घुमारा काढताच येत नव्हता, सगळं कसं विहिरीत पडल्यासारखं. ती आम्ही दोघींनी लगेच बाद केली. दुसरी गुळगुळीत. किती बायका आहेत ते कळू नये इतकी. मी म्हटलं, ही तूप लावल्यासारखी आहे. मुलगी म्हणाली, तेच तर हवं असतं. मग तिसरी. मी पट्टी दाबली आणि खालच्या सुरात गाणाऱ्या आल्टो बायकांमध्ये, जरा डावीकडे, मला ती ऐकू आली. एक बाई. बाकीच्यांहून जाड, किंचित कडेला पत्र्यासारखी, सुरात अगदी बरोबर पण मिसळत नाही अशी. मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत बसले.

"ही नको," मुलगी म्हणाली. "ह्यात एक बाई टोचते."

"टोचते म्हणजे?"

"ऐक ना. एकदा ती सापडली की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. ब्लेंड होत नाही ती."

"ऐकू येऊ दे की. गायलीय ती, चोरी नाही केली."

"आई, तू भांडतेस कशाला? ती तुझी नातेवाईक आहे का?" मुलगी हसायला लागली. मग तिने मला समजावून सांगितलं, तिच्या कंपनीत नवीन मुलांना सांगत असेल तसं. त्या बाईचा दोष नाही म्हणे. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा आहे. असा एखादा आवाज प्रत्येक कॉयरमध्ये असतोच, आणि तो हवाही असतो, त्याने अंग येतं. फक्त त्याला मायक्रोफोनजवळ उभं करायचं नाही. "दोन रांगा मागे उभी केली असती ना तिला, तर हीच लायब्ररी मी डोळे मिटून घेतली असती."

दोन रांगा मागे. हे तुम्ही वाचून घेताना दोनदा वाचून घ्या. आपल्या हॉलमध्ये तीन रांगा होत्या, सिस्टर. मागच्या रांगेत, उजवीकडे, जिना सुरू होतो तिथे, जागा होती. तुम्हाला काय ऐकू आलं असेल ते मला गेल्या रविवारी कळलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. कळलं म्हणजे पटलं नाही. तुम्ही युरोपात शिकलेल्या, बोटाच्या टोकावर सूर असलेल्या बाई, तुम्हाला एक मुलगी उचलून मागे ठेवता आली नाही? की मग शेजारची एकटी पडली असती?

मुलीने दुसरी, तुपातली, घेतली. तिचं काम आहे, तिचा अधिकार आहे. पण विकत घेऊन नदीच्या चित्रावर लावून पाहिली तेव्हा तिचं तिलाच ते निर्जीव वाटलं. मला म्हणाली, लोक ह्यावर एक उपाय करतात. खाली लायब्ररीच्या बायका ठेवायच्या आणि वर एक खरा आवाज गाऊन मिसळायचा, अगदी बारीक. एका खऱ्या आवाजाने बाकीच्या सगळ्या खऱ्या वाटायला लागतात. आणि मग, कपाट आवरत असल्यासारखी सहज म्हणाली, "कॅनडाच्या मावशीला विचारू का? ती गातेच. तिथून रेकॉर्ड करून पाठवेल."

"मी गाईन," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं. मी पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. गाण्याची हौस म्हणून नाही, नदीसाठी नाही, मुलीसाठीही नाही म्हटलं मी ते. त्या मधल्या चार ओळी आणि ती चांदीची चकती आणि माझी द्राक्षं, एवढं सगळं एकदम वर आलं आणि त्यातून ते दोन शब्द बाहेर पडले. आता माझ्या मुलीच्या संगीतातही तीच? मुलीचा चेहरा मात्र असा उजळला की मला परत घेता येईना. म्हणाली, "खरंच? मला वाटलं तुला विचारलेलं आवडणार नाही. रेडिओवर गायलेली माणसं तुम्ही." येत्या शनिवारी सकाळी रेकॉर्डिंग ठरलं. तिने बेडरूममध्ये गाद्या उभ्या करून छोटी खोलीच बनवून ठेवली आहे.

परतीच्या बसमध्ये, सिंहगड रोडवर नेहमीसारखे अडकलो होतो तेव्हा, मला एक गोष्ट सुचली जी इतक्या वर्षांत सुचली नव्हती, आणि स्वतःच्या बुद्धीची इतकी लाज वाटली की मी शेजारच्या बाईंना विनाकारण वेळ विचारली. रेडिओला ओठ दिसत नाहीत. कार्यक्रम रेडिओचा होता. ऐकणाऱ्यांना ना माझे ओठ दिसणार होते ना मी. मग हलवायला सांगितलेत ते कोणासाठी? आवाज नको होता तर वर्गात पाठवायचं होतं, खोकला आहे म्हणून पाणी प्यायला पाठवायचं होतं, हॉलच्या दारावर उभं करायचं होतं. तुम्ही ते काही केलं नाहीत. रांगेत ठेवलंत, शेजारच्या मुलींनाही कळू नये इतक्या हळू आवाजात सांगितलंत आणि गालावर थोपटलंत. घरी जाऊन मी होते म्हणून सांगता यावं, म्हणून? फी दोनदा माफ करून घेणाऱ्या बाईंना माझे वडील ठाऊक होते. ते रेडिओ मधोमध ठेवून बसणार हेही तुम्हाला ठाऊक असणार.

हे सुचल्यापासून मला झोपेची तक्रार नाही, पण दिवसाची आहे. तुम्ही दुष्ट होतात एवढं धरून मी आयुष्य व्यवस्थित चालवलं होतं. आता तुम्ही कदाचित दयाळू होतात असं निघालं तर मी त्या रागाचं काय करू? आणि ही दया असली तरी ती मला न विचारता केलेली आहे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला मागच्या रांगेत, जिन्यापाशी, कोणाला न दिसता गायचं आहे. मुळात मला दिसायचं नव्हतंच, ऐकू यायचं होतं. शेजारचीला दोन्ही मिळालं.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. माझा आवाज खरोखर वाईट होता, की फक्त जवळ होता? वाईट असेल तर नंतर दोन वर्षं मला हॉलमध्ये बसवून कान का वापरलात, आणि नुसता जवळ असेल तर मागे का नेलं नाहीत? आणि ते गालावर थोपटणं कशाबद्दल होतं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर थोडक्यात चालेल. तिसऱ्याचं सविस्तर हवं.

हे पाठवायचं कुठे ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी कॉन्व्हेंटच्या पत्त्यावर पाठवून आजकालच्या त्या तरुण सिस्टरांना चहाबरोबर वाचायला देणार नव्हते. ते माझ्याजवळच राहील. तुम्ही मात्र त्याची सबब सांगू नका. पाठवलेलं नसलं तरी ते लिहिलेलं आहे आणि लिहिलेल्याला उत्तर द्यायचं असतं, हे तुमच्याच वर्गात शिकले.

आणखी एक. तिसऱ्या लायब्ररीचा नमुना त्यांच्या वेबसाइटवर फुकट ऐकता येतो. परवा दुपारी मी दार लावून तो लावला, ती बाई शोधली आणि तिच्याबरोबर गायले. बऱ्याच वर्षांचा गंज होता, खालचे सूर आले, वरचे आले नाहीत, मधेच श्वास संपला. पण सूर तोच होता, आणि आम्ही दोघी इतक्या टोचत होतो की बाकीच्या बायका ऐकू येईनात. काल पुन्हा गायले. आज हे लिहून झालं की गाणार आहे.

तेव्हा लेखी उत्तर हवं. इंग्रजी चालेल. आवाज वाईट नव्हता असं म्हणणं असेल तर ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत मिळावं. वाईट होता असं असेल, तर सिस्टर, ते सोमवारी आलं तरी चालेल.